सॅन डिएगो: तीन दिवस आणि एक डावरी स्टिक

शुक्रवार

सकाळची पॅसिफिक सर्फलायनर इर्व्हाइनला पकडली. मुलानं बजावलं होतं, "बाबा, उजव्या खिडकीला बसा." बसलो. सॅन क्लेमेंटे आलं आणि गाडी अगदी वाळूच्या कडेनं धावायला लागली. खाली लाटा, वाळूत छत्र्या, आणि कुणीतरी कुत्र्याला घेऊन पाण्यात उभं. आपली कोकण रेल्वे नावाला कोकणची, पण रत्नागिरीपर्यंत जाऊन या, समुद्र दिसेल तर शपथ. इथे दोन तासांत त्याची सगळी हौस फिटली.

सॅन डिएगोचं सांता फे स्टेशन 1915 सालचं आहे. स्पॅनिश धाटणीच्या कमानी, आत फरशांची नक्षी आणि लाकडी बाकं. भाची घ्यायला आली होती. ती राहते मीरा मेसाला. फोनवर पहिल्यांदा हे नाव ऐकलं तेव्हा मला मीरा रोडच आठवला होता. क्वालकॉममुळे आणि तिच्या आजूबाजूच्या कंपन्यांमुळे इथे आपली माणसं पुष्कळ. दुकानात कोथिंबीर निवडताना मागून "अहो, ती शिळी आहे" असा आवाज आला, तेव्हा मी वळून पाहिलंसुद्धा नाही. निमूट जुडी बदलली.

दुपारी ला होयाला गेलो. स्पेलिंग 'जोला' असं वाचलंत तर भाची हसेल. खडकांवर सी लायन पसरलेले. त्यांचा वास म्हणजे मे महिन्यातलं वेसावे, वर आणखी काहीतरी. मी मात्र त्यांच्यापेक्षा पक्ष्यांकडेच बघत होतो. पांढरं डोकं, राखाडी पाठ, गुलाबी पाय, पिवळ्या चोचीवर तांबडा ठिपका. कुरव. इंग्रजीत गल. मांडव्याच्या लाँचवर चिप्ससाठी मागे लागतात त्यांचेच भाऊबंद. फरक एवढाच, की आपल्याकडचे हिवाळ्यातले पाहुणे, आणि हे इथलेच रहिवासी. बारा महिने मुक्काम, त्यामुळे रुबाबही घरमालकाचा. एकानं एका पोराच्या हातातला अख्खा सँडविच उचलला आणि जागचा न हलता खाल्ला.

"मामा, उद्या यांचीच मॅच बघायला जायचंय," भाची म्हणाली.

"कुणाची?"

"गल्सची. सॅन डिएगो गल्स. हॉकी."

हॉकी म्हटल्यावर मी ताठ बसलो. मी खडकीचा. आमच्याकडे फॅक्टरीच्या वसाहतीतली पोरं चालायला लागली की त्यांच्या हातात आधी स्टिक येते. त्याच वसाहतीत वाढलेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळला. मी तेवढा नव्हतो. बँकेच्या 'ब' संघात लेफ्ट आउट, आणि एकदा जिल्ह्याच्या संघात राखीव. बॅग भरून दोन दिवस घरात बसलो होतो, निरोप आला नाही. पण हॉकी ती हॉकी.

"अगं, टर्फवर की मातीवर?"

"बर्फावर, मामा."

बाहेर जानेवारीतलं ऊन, अठरा-एकोणीस डिग्री. समोर पोरं पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात. आणि ही बर्फ म्हणते.

शनिवार

मॅच संध्याकाळची होती. पण भाचीनं सकाळीच त्या स्टेडियमवर नेलं. कारण त्याच्या पार्किंगमध्ये शुक्रवार ते रविवार जुना बाजार भरतो. कोबीज स्वॅप मीट म्हणतात त्याला. अमेरिकेत मला खऱ्या अर्थानं घरच्यासारखं कुठे वाटलं असेल तर तिथेच. ताडपत्र्या, पान्ह्यांचे ढीग, मोज्यांचे गठ्ठे, फळांवर तिखटमीठ भुरभुरून देणाऱ्या मेक्सिकन बायका, आणि घासाघीस. पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलेल्या माणसाला इथे भाषा यावी लागत नाही. नाक मुरडून वस्तू खाली ठेवता आली की झालं.

एका म्हाताऱ्याकडे मोडक्या फिशिंग रॉडांमध्ये एक स्टिक उभी होती. हातात घेतली. आपल्या स्टिकपेक्षा कितीतरी लांब, माझ्या छातीपर्यंत आली. दांडा गोल नव्हे, चौकोनी. खाली आकड्याच्या जागी एक लांबट, पातळ पातं, त्यावर कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली. आणि ते पातं किंचित वाकवलेलं. मी ती आपल्या सवयीनं धरली, डावा हात वर आणि उजवा खाली. काहीतरी उलटं वाटलं. पात्याचा खोलगट भाग माझ्याकडे पाठ करून बसला होता.

म्हाताऱ्यानं खुणेनं सांगितलं, हात बदल.

उजवा वर घेतला, डावा खाली. पातं लगेच सरळ झालं.

हे इतक्या बारकाईनं सांगतोय, कारण मी डावरा आहे. जेवताना हातावर फटके खाऊन उजवा झालो, लिहितानाही झालो. हॉकीत तर प्रश्नच नव्हता. आपल्या हॉकीत डावऱ्याची स्टिकच नसते. नियमातच बसत नाही. स्टिकला सपाट बाजू एकच, डावीकडची, आणि जगातल्या सगळ्यांनी उजव्यांसारखंच खेळायचं. बर्फावरच्या हॉकीत पात्याच्या दोन्ही बाजूंनी मारता येतं आणि बाक डावा किंवा उजवा, हवा तसा मिळतो. म्हणजे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, एका पार्किंगमध्ये, माझा डावा हात पहिल्यांदा स्टिकवर खाली आला.

आठ डॉलर म्हणाला. पाचला दिली.

"मामा, ही तू विमानात कशी नेणार?"

"ते नंतर बघू."

संध्याकाळी त्याच जागेचं रूप पालटलं होतं. ताडपत्र्या गेल्या होत्या आणि जिथे सकाळी मी मोजे चिवडले तिथे गाड्यांच्या रांगा. आता या स्टेडियमला पेचांगा अरीना म्हणतात. पण आजवर नावं इतकी बदलली, की जुने लोक अजून 'स्पोर्ट्स अरीना'च म्हणतात, आणि रस्त्याचं नावही तेच आहे. इमारत 1966 ची. उघडली ती हॉकीनंच, तेव्हाही संघाचं नाव गल्सच होतं. हे नाव या गावात पुनःपुन्हा जन्म घेतं. तो पहिला संघ 1974 मध्ये बंद पडला. नव्वदच्या दशकात दुसऱ्या लीगमध्ये, मग तिसऱ्या लीगमध्ये तेच नाव आलं आणि 2006 मध्ये पुन्हा गेलं. आताचा संघ 2015 पासूनचा.

हा आताचा संघ इथे कसा आला ते भाचीच्या नवऱ्यानं, म्हणजे जावयानं, गाडीत सांगितलं. अमेरिकेत हॉकीची वरची लीग म्हणजे एनएचएल. तिच्याखालची एएचएल. वरच्या प्रत्येक संघाचा खाली एक जोडसंघ असतो, तिथे पोरं घडवायची आणि लागतील तशी वर बोलवायची. अनाहाइम डक्सचा जोडसंघ पूर्वी नॉरफोकला होता, म्हणजे थेट दुसऱ्या समुद्राकाठी, व्हर्जिनियात. इथे कुणी जायबंदी झाला की बदली खेळाडू अख्खा देश ओलांडून यायचा. म्हणून 2015 मध्ये एकदम पाच संघ कॅलिफोर्नियात हलवले. आता इथल्या पोराला निरोप आला, की आय-फाइव्ह महामार्गावरून दोन तासांत तो अनाहाइमला.

"निरोप आला की," असं जावई म्हणाला, आणि मला माझी भरलेली बॅग आठवली.

आत शिरताना हिनं पुण्याहून बांधून दिलेली माकडटोपी मी खिशातून काढली. भाचीनं ती हळूच काढून पर्समध्ये टाकली. बाजूला एक बाप्या केशरी जर्सी, अर्धी चड्डी आणि सपाता घालून बर्फाकडे चालला होता. आत थंडी आहे, पण आपल्या महाबळेश्वरच्या सकाळइतकीच. गारठा सगळा खाली जमिनीशी. जेमतेम इंचभर जाडीचा बर्फ, त्याखाली काँक्रीट, आणि काँक्रीटमध्ये नळ्यांचं जाळं. त्यातून उणे तापमानाचं खारं किंवा ग्लायकॉल मिसळलेलं पाणी फिरत राहतं. इथे गाण्याची मैफल असली तर बर्फ वितळवत नाहीत म्हणे, वरून फळ्या अंथरतात. खाली बर्फ, वर नाच.

आजचा पाहुणा संघ ऑन्टॅरियो रेन. मी म्हटलं, वा, कॅनडाहून आले. जावई म्हणाला, "मामा, ऑन्टॅरियो इथून दोन तासांवर आहे, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला." गावाचं नाव तेवढं कॅनडाचं. पोरं मात्र बरीचशी खरंच कॅनडाची असतात. म्हणजे इथले कुरव पक्षी घरचे, आणि गल्स संघ पाहुणा.

शेजारच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता, नौदलातून निवृत्त झालेला, हंगामाचं तिकीट काढून येणारा. त्याला कळलं की मी 'गवतावरची' हॉकी खेळलोय, तेव्हापासून मॅच संपेपर्यंत माझी शिकवणी चालली. शिकवणीची गरज होतीच. पहिली पाच मिनिटं मला पकच दिसला नाही. पक म्हणजे काळ्या रबराची चकती, कॅरमच्या सोंगटीची थोरली बहीण. तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन साधारण एकशेसत्तर ग्रॅम. टप्पा खाऊ नये म्हणून मॅचआधी ती गोठवून ठेवतात. मग माझ्या लक्षात आलं, की पकच्या मागे धावायचं नाही, खेळाडूंच्या खांद्यांकडे बघायचं. पोरांना मी हेच सांगत आलोय. खांदे सांगतात चेंडू कुठे जाणार ते. खांद्यांवर नजर ठेवली आणि मॅच उलगडायला लागली.

सुरुवात फेस-ऑफनं. पंच पक टाकतो आणि दोघं झडप घालतात. आमच्या वेळी आपल्याकडेही बुली व्हायची, स्टिकला स्टिक आणि जमिनीला स्टिक, तीनदा. नंतर ती गेली आणि पास-बॅक आला. इथे तिची सख्खी चुलत बहीण भेटली. ऑफसाइडही भेटला. आपण नव्वदच्या दशकात काढून टाकला, यांनी निळी रेघ मारून जपून ठेवलाय.

जी गोष्ट मला आवडली नाही तीही सांगतो. खेळाडू चाळीस-पंचेचाळीस सेकंद खेळतो आणि कठड्यावरून उडी मारून बाकावर येतो, दुसरा जातो. आम्ही सत्तर मिनिटं मातीत धावायचो, असं मी तोऱ्यात म्हणालो. तेवढ्यात एकजण समोरच्या काचेवर असा आदळला, की चार रांगा वर बसलेल्या माझी खुर्ची हादरली. मग ते चाळीस सेकंद मला पटले.

दुसऱ्या सत्रात मारामारी झाली. दोघांनी हातमोजे बर्फावर टाकले, एकमेकांच्या जर्सी धरल्या आणि ठोसे. लाइन्समन बाजूला उभे, जणू दोघांची पत्रिका जुळतेय का ते बघताहेत. एकजण पडला तेव्हा पुढे झाले. दोघांना पाच-पाच मिनिटं पिंजऱ्यात बसवलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी नाही वाजवल्या. मातीच्या मैदानावर आमच्याही मारामाऱ्या व्हायच्या, पण मॅच संपल्यावर, सायकल स्टँडवर.

मधल्या सुट्टीत सगळे नाचोज आणायला पळाले आणि मी जागेवर चिकटून बसलो, कारण झॅम्बोनी आली. ट्रॅक्टरएवढी गाडी. पुढे खरडते, मागे पाणी सोडते, आणि मागून एक ओलं फडकं फिरत जातं. ती पुढे गेली की मागे बर्फ आरशासारखा. पाणी गरम असतं. बर्फाचा वरचा पापुद्रा किंचित वितळवून त्याच्याशी ते एकजीव होतं आणि मग दोन्ही मिळून गोठतात. मला आजीचं सारवण आठवलं. तीसुद्धा आधी खरवडायची, मग पाणी शिंपडायची, मग हात फिरवत मागे मागे सरकायची, पहिल्या पट्ट्यावर दुसरा किंचित चढवत, एकही कोरडा फराटा न ठेवता. झॅम्बोनीवाला अगदी तस्साच फिरत होता. हे यंत्र निघालं तेही याच उबदार मुलखात, लॉस एंजेलिसजवळच्या पॅरामाउंटमध्ये. फ्रँक झॅम्बोनी यांची तिथे बर्फाची रिंक होती. माणसं लावून बर्फ नीट करायला तासाहून जास्त वेळ जायचा, म्हणून त्यांनी 1949 मध्ये ही गाडी तयार केली. गोठणाऱ्या मुलखात बर्फाची कुणाला एवढी किंमत असणार!

तिसऱ्या सत्रात गल्सच्या एका पोरानं काय गोल मारला! डावीकडून आत घुसला, गोलीला झुकवलं आणि पक पात्याच्या मागच्या बाजूनं उचलून वर टाकला. भोंगा वाजला, सगळं छत दणाणलं. मी म्हाताऱ्याला म्हटलं, हा पोरगा चांगला आहे.

"चांगला आहे," तो म्हणाला. "म्हणजे राहणार नाही."

मग त्यानं समजावलं. इथे जो चांगला खेळायला लागतो तो अनाहाइमला जातो. ज्याचं नाव पाठीवर छापून जर्सी घ्यावी, तोच पुढच्या महिन्यात नसतो. वर्षानुवर्षं तो अशा पोरांसाठी ओरडतोय, ज्यांनी इथून जावं अशीच त्याची इच्छा आहे. काही जातात. काही जाऊन चार दिवसांत परत येतात. काही कधीच जात नाहीत, आणि त्यांची जर्सी घेणं परवडतं.

मग त्यानं बोट वर केलं. छताला एक पताका टांगलेली, 20 नंबर. विली ओ'री.

हे नाव मी ऐकलं नव्हतं. एनएचएलमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. 18 जानेवारी 1958 रोजी बॉस्टन ब्रुइन्सकडून, मॉन्ट्रियलमध्ये. पण वरच्या लीगमधले त्यांचे सामने मोजून पंचेचाळीस. बाकीची सगळी कारकीर्द खालच्या लीगमध्ये, आणि त्यातली 1967 ते 1974 ची वर्षं बहुतेक इथे, याच छताखाली. म्हाताऱ्यानं पोरवयात त्यांना खेळताना पाहिलं होतं. एका हंगामात 38 गोल. आणि उजव्या डोळ्यानं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तरुणपणी पक लागून तो डोळा गेला होता, आणि कळलं तर कुणी खेळू देणार नाही म्हणून त्यांनी ते लपवून ठेवलं.

"कुठल्या जागेवर खेळायचे?" मी विचारलं.

"आधी लेफ्ट विंग."

मी हातातला कागदी पेला खाली ठेवला. लेफ्ट विंगवरच्या माणसाचं सगळं मैदान त्याच्या उजव्या हाताला असतं. चेंडू तिकडून येतो, बॅक तिकडून येतो. मला दोन डोळे असून स्टिकमुळे अंग वळवावं लागायचं आणि तेवढ्यात अर्ध्या वेळा चेंडू जायचा. ओ'री मान पार उजव्या खांद्यावरून फिरवून डाव्या डोळ्यानं बघायचे. अशी त्यांनी वर्षं काढली. मग लॉस एंजेलिसच्या संघात असताना त्यांना राइट विंगला घेतलं, मैदान डाव्या डोळ्यासमोर आलं आणि गोल पडायला लागले. 2015 मध्ये गल्स परत आले तेव्हा त्यांचा नंबर निवृत्त करून वर टांगला. 2018 मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

मॅच आम्ही 2-3 हरलो. 'आम्ही' कधी झालो ते कळलंच नाही.

बाहेर पडताना इमारतीकडे पुन्हा पाहिलं. ही पाडून इथे घरं आणि सोळा हजार आसनांचं नवं स्टेडियम बांधायची योजना आहे. नव्यात जागा ऐसपैस असेल. जुना बाजार कुठे भरेल ते कुणी सांगितलं नाही.

रविवार

उशिरा उठलो. नाश्त्याला कॅलिफोर्निया बरीटो. पोळीच्या गुंडाळीत मांस, चीज आणि चक्क बटाट्याचे तळलेले काप. बटाटा पावात घालणाऱ्यांनी यावर टीका करू नये. मी केली नाही, अर्धा संपवला.

मग कोरोनाडो. निळा पूल एका मोठ्या वळणानं उंच चढतो, कारण खालून नौदलाची जहाजं जातात. वर पोचल्यावर एका बाजूला शहर, दुसरीकडे राखाडी युद्धनौका, आणि समोर लाल छपरांचं ते 1888 मधलं लाकडी हॉटेल, डेल कोरोनाडो. राष्ट्राध्यक्ष राहिले, नटनट्या राहिल्या. आत शिसवी दिसणारं लाकूड आणि उंच छत. कॉफीचा भाव बघून आम्ही फक्त फिरलो.

भाची फोनवर काहीतरी वाचत होती. "मामा, तुझा तो विली ओ'री इथे होता."

"राहायला?"

"नाही. नोकरीला. सिक्युरिटीत."

वाचून दाखवलं तिनं. 1979 मध्ये खेळणं संपलं. पुढे इथे, या हॉटेलात, सुरक्षारक्षक. नव्वदच्या दशकात एनएचएलनं पोरांना हॉकीकडे आणायच्या कामासाठी त्यांना शोधून काढलं, ते इथूनच.

दाराशी गणवेशातला एक माणूस उभा होता, कानात वायर. मी त्याला बीचचा रस्ता विचारला. रस्ता समोरच दिसत होता. त्यानं तरीही चार पावलं पुढे येऊन हात करून दाखवला. मी त्याला नमस्कार केला, दोन्ही हात जोडून. तो जरा गोंधळला आणि मग त्यानंही जोडले.

वाळू इथली चमचमते, त्यात अभ्रकाचे कण आहेत. भरतीनं आणून टाकलेल्या केल्प नावाच्या समुद्री शेवाळाच्या वेली पडल्या होत्या, लांब पानांच्या, आणि त्यांना बोराएवढे, लिंबाएवढे फुगे. भाची चपला हातात घेऊन चालत होती. मी मागे वळलो, गाडीपर्यंत गेलो आणि डिकीतून स्टिक काढून आणली.

ओल्या वाळूचा पट्टा टणक असतो, जवळजवळ टर्फ. लिंबाएवढा एक फुगा तोडून समोर ठेवला. उजवा हात वर, डावा खाली. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदा वाळूच उडाली. तिसऱ्यांदा फुगा पात्याच्या बाकात बसला, आणि मी तो ढकलत निघालो, डाव्या बाजूनं, पाण्याच्या कडेकडेनं. अंग वळवावं लागलं नाही.

भाची दोन चपलांमध्ये गोल मांडून गोलीसारखी वाकून उभी राहिली. मी झुकवलं, मारला. फुगा उजव्या चपलेवर आपटून बाहेर आला, आणि बाजूला तासभर आमच्याकडे बघत उभा असलेला एक कुरव चालत पुढे आला, त्यानं तो चोचीत धरला, टाकला, पुन्हा धरला आणि उडून गेला.

"हरलास, मामा," भाची म्हणाली. "गल्सनं जिंकलं."

मी दुसरा फुगा शोधायला लागलो.